बर्फातले आबा

चहाचा पहिला घोट तोंडात गेला आणि मुक्ताला तो गिळता येईना. तो जिभेवर तसाच राहिला, कोमट होत गेला, साय टाळूला चिकटली, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं की हे दूध संघाचं आहे. बीडमधल्या या बंगल्यात रोज सकाळी फाटकाला अडकवलेल्या पिशवीत येणारं हे दूध गावाकडच्या शीतकरण केंद्रातून येतं, आणि त्याच केंद्राच्या थंड खोलीत, लोण्याच्या आणि पनीरच्या खोक्यांशेजारी, बर्फाच्या लाद्यांवर शुक्रवारपासून आबा निजलेले आहेत. आबा म्हणजे तिचे सासरे, राधाकिशनराव. दुधाची टाकी आणि ती खोली यांच्यामध्ये भिंत आहे, हे तिला माहीत होतं. संघाचा मॅनेजर सुग्रीव तसं दहादा म्हणाला होता, ‘वैनी, मधी भिंत हाय, नऊ इंची.’ तेव्हा तिने मान डोलावली होती. पण जिभेला भिंत कळत नाही. ती मोरीकडे धावली, घोट थुंकला, आणि मग काल रात्रीचं जे काय पोटात होतं तेही आलं. मोरीत वाकून उभी असताना तिला वाटलं, अख्खं बीड आत्ता हाच चहा पीत असेल. वकील, मास्तर, एस.टी.चे कंडक्टर, सगळे बशीत ओतून फुरफुर करत असतील, आणि कोणाला काही म्हणजे काही वाटत नसेल.

किळस ही मुक्ताची लहानपणापासूनची सोबतीण. अंबाजोगाईला माहेरी तिचं कौतुक व्हायचं. मुक्ताला उष्टं चालत नाही, मुक्ता दुसऱ्याच्या तांब्याने पाणी पीत नाही. तिला तो आपला नाजूकपणा वाटायचा, थोडा अभिमानही होता. लग्न होऊन ती या दूधवाल्यांच्या घरात आली तेव्हा पहिले महिनाभर तिच्या नाकातून शेणाचा आणि आंबलेल्या दुधाचा वास गेला नाही. आबा तेव्हा सायकलला कॅन बांधून वस्त्या-वस्त्यांवर फिरत. दाराशी आले की आधी खाकरायचे, मग तंबाखूची पिंक टाकायचे, मग ‘हाय का कुनी घरात’ म्हणायचे. संघ त्यांनी उभा केला हे सगळा तालुका सांगतो. पण मुक्ताला आठवते ती ती पिंक. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात ते थुंकायचे, आणि तो डबा धुवायची वेळ आली की ती कोणाला ना कोणाला हाक मारायची. सासू होती तोवर सासूला. सासू गेल्यावर घरकामाच्या कडूबाईला. गेलं वर्षभर आबा अंथरुणाला खिळले तेव्हाही सगळं कडूबाईनेच केलं. मुक्ता दर आठवड्याला औषधं घेऊन जायची, पदर नाकाला लावून उंबऱ्याशी उभी राहायची, आणि ‘आबा, बरं वाटतंय का’ असं विचारून आबांनी उत्तर द्यायच्या आत माघारी वळायची. मोहनराव, तिचा नवरा, वर्षात एकदा आला होता. तो रुमाल लावून उभा होता. तेव्हा रुमालाचा तिला राग आला होता, स्वतःच्या पदराचा आला नव्हता.

मोहनराव आत्ता जर्मनीत होता. संघाचा चेअरमन म्हणून तो अभ्यास दौऱ्यावर गेला होता, सोबत सगळे संचालक. तिकडच्या गायी कशा धुतात, सडांना यंत्र कसं लावतात, हे बघायला. इकडे गावात टँकर आला की बायका हंडे घेऊन एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, आणि निम्म्या लोकांनी म्हशी बाजारात नेऊन विकल्या होत्या. तरी दौरा निघाला. फाटकापाशी संचालकांना हार घातले, पेढे वाटले, गाडीच्या काचेला अभ्यास दौऱ्याचा फलकही लावला. आणि ते तिकडे पोचून हप्ता होतो ना होतो तोच इकडे आबा गेले आणि तिकडे आइसलँडमध्ये एक ज्वालामुखीचा डोंगर फुटला.

शुक्रवारी सकाळी फोनवर मोहनराव रडला होता. खरोखर रडला होता, मुक्ताला त्याचा हुंदका ऐकू आला. मग म्हणाला, ‘काय करू सांग. इमानच न्हाई. सगळं आभाळ बंद केलंय.’ आणि मग त्याने तिला राखेची गोष्ट सांगितली. ही राख आपल्या चुलीतल्यासारखी नसते. ती दगडाची आणि काचेची पूड असते, डोळ्यांनाही नीट दिसत नाही, रडारवर तर नाहीच. विमान तिच्यातून गेलं की पुढची काच घासून आंधळी होते, पायलटला समोरचं दिसत नाही. आणि ती इंजिनात शिरली की आतल्या आगीने वितळते, पुढे जाऊन पात्यांवर थिजते, इंजिनाचा श्वासच कोंडतो. मागे एकदा एका विमानाची चारही इंजिनं अशी हवेत बंद पडली होती म्हणे. ‘येकुलता येक हाय मी,’ मोहनराव म्हणाला. ‘मी येईस्तवर आबाला ठिवा. अग्नी मीच देनार.’ मुक्ताला ते पटलं. तिनेच सुग्रीवला सांगितलं, खोलीत जागा करा. लातूरहून बर्फाचा टेम्पो आला. आबांना पांढऱ्या कपड्यात गुंडाळून आत नेलं तेव्हा ती दाराबाहेर थांबली, आत गेली नाही.

ते सगळं तिला आता, मोरीतून तोंड पुसत बाहेर येताना, जसंच्या तसं दिसत होतं. रविवारी संध्याकाळी ती बीडला परत का आली, हेही. लोकांना सांगितलं, पुढाऱ्यांचे फोन घरी येतात, कोणीतरी हवं. खरं कारण असं की तिला अंघोळ करायची होती. गावात अंघोळीला पाणी नव्हतं, आणि घरात भेटायला येणाऱ्यांची गर्दी, त्यांच्या घामाचा, गुटख्याचा वास. त्यात चुलीचा घोळ. प्रेत गावात असलं की भावकीत चूल पेटत नाही. पण प्रेत चार-चार दिवस राहिलं तर पोरांनी खायचं काय? मग थोरल्या नानांनी, म्हणजे आबांच्या चुलतभावाने, निकाल दिला. संघाचं आवार गावठाणाच्या बाहेर आहे, म्हणजे प्रेत गावात नाही, चुली पेटवा. सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि घराघरांतून फोडणीचा वास यायला लागला. कसली माणसं आहेत ही, तिला वाटलं होतं. आणि इथे येऊन तिने स्वतः डोक्यावरून पाणी घेतलं, साबण लावला, चहा टाकला.

फोन वाजला. विठ्ठलरावांची बायको गीताबाई. विठ्ठलरावही संचालक, तेही दौऱ्यावर. गीताबाईचा आवाज फुललेला होता. ‘मुक्ताताई, आमचे मालक आले बरं का, पहाटंच उतरले मुंबईला. तुमचेबी आलेच असतील की सोबत?’

मुक्ता म्हणाली, ‘विमानं तर बंद आहेत.’

‘तिकडली बंद हायेत. रोमहून चालू हायेत म्हनं. बस केली व्हती चार-पाच जनांनी, एक रात अन दिस बसले, पाय हे सुजलेत. पन आले बाई. जागा व्हत्या म्हनं बसमधी.’ आणि मग काही तरी चुकल्याचं लक्षात येऊन गीताबाई गडबडीने म्हणाली, ‘त्यांचं काय तरी काम निगालं आसंल.’

मुक्ताने गाडी काढायला सांगितली. मांजरसुंबा, नेकनूर, केज. ड्रायव्हरने काचा वर करून एसी लावला होता, तिने काच खाली घेतली. ऊन आणि धूळ आत आली. आभाळ निळंभोर, कुठे डाग नाही. लहान असताना तिने अशाच आभाळात फार उंचावरून जाणाऱ्या विमानाची पांढरी रेघ बघितली होती, ती पुसट होईपर्यंत मान दुखवून घेतली होती. या जिल्ह्यावरून विमानं नुसती जातात, इथं कोणी उतरत नाही. रस्त्याच्या कडेने ऊसतोडीहून परतणाऱ्यांचा एक ट्रक चालला होता. वर माणसं, खाली माणसं, मध्ये खोपटांचे बांबू, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, आणि त्या सगळ्याच्या ढिगावर एक म्हातारी, डोक्यावर पदर घट्ट आवळून, दोन्ही हातांनी दोर धरून बसलेली. कुठून कर्नाटकातून येत असतील. आष्टीपर्यंत असेच जातील. मुक्ताने त्या म्हातारीकडे बघितलं आणि तिला मोहनरावाची कंबर आठवली. त्याची कंबर दुखते. मऊ गादी लागते, गाडीत मागे उशी लागते. ती उशी आत्ता तिच्या पाठीशी होती. तिला तेलाचा वास आला, त्याच्या डोक्याचा, आणि तिने ती उचलून पायाशी टाकून दिली. असेल काही काम, ती मनाशी म्हणाली. बस भरली असेल. गीताबाईला काय कळतं. पण हे म्हणताना तिला स्वतःचीच शिसारी आली, कारण हे वाक्य तिने आजवर किती वेळा, किती गोष्टींवर पांघरूण म्हणून घातलं होतं ते तिला ठाऊक होतं.

संघाच्या आवारात मंडप घालणं चालू होतं. बांबू रोवले होते, खुर्च्यांचा ढीग, आणि आबांचा भला मोठा फोटो छापलेला फलक आडवा पडलेला, त्यात खालच्या बाजूला हात जोडलेला मोहनराव, आबांपेक्षा मोठा. संघाची निवडणूक दोन महिन्यांवर होती. मुक्ता फलकाला वळसा घालून मागे गेली. थंड खोलीच्या भिंतीतून एक नळी बाहेर येते, वितळलेलं पाणी जायला. त्या नळीखाली हंडा होता. हंड्यापाशी कडूबाई उकिडवी बसली होती, आणि तिच्यामागे आणखी तीन-चार भांडी नंबराला लावलेली. पलीकडे हरिबाच्या शेळ्या एका पाटीत तोंड घालून सपासप पाणी पीत होत्या. हरिबा धनगर काठीवर हनुवटी ठेवून उभा होता. आबा सायकलवर फिरत तेव्हापासूनची दोघांची ओळख.

मुक्ताच्या अंगावर काटा आला. ‘कडूबाई! हे पाणी कुठलं माहीत आहे ना तुला?’

‘म्हाईत हाय की वैनी,’ कडूबाई शांतपणे म्हणाली. ‘आबाखालचं हाय. जनावरायला घेतो आमी. दोन दिस झाले टँकर न्हाई आला.’

‘अगं, पण…’

‘बर्फाचा टेम्पो रोज येतोय, टँकर येत न्हाई,’ हरिबा म्हणाला. तो मुक्ताकडे बघत नव्हता, शेळ्यांकडे बघत होता. ‘सूनबाई, एक इचारू का? कावून ठिवलंय त्याला? माजी सून अन ल्योक काल तोडीवून आले, उभ्यानं आले टरकात, नुसतं कळलं म्हनून हितं येऊन हात जोडून गेले. त्यो म्हातारा लई थंडीचा व्हता. उनाळ्यातबी घोंगडं घ्यायचा. कावून ठिवलंय बर्फात?’

मुक्ताने नळीकडे बघितलं. पाणी हंड्यात पडत होतं, एकेक थेंब, आणि हंडा अर्धा भरला होता. तिला किळस आली होती, पण ती कडूबाईची नव्हती, शेळ्यांचीही नव्हती, हे तिला स्पष्ट कळत होतं. ती आडोशाला झाली आणि तिने मोहनरावाला फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. मागे कपबशांचा आवाज येत होता, कोणीतरी मोठ्याने हसलं.

‘विठ्ठलराव आले म्हणे,’ मुक्ता म्हणाली.

तिकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग, ‘हां. त्यो गेला. बसनं. येडा हाय त्यो.’

‘बसमध्ये जागा नव्हती का?’

‘जागा व्हती गं. पन दिसरात बसून जायाचं म्हंजे… माज्या कमरेचं तुला म्हाईत हाय. आन हितलं आभाळ खुलतंच हाय, आज न्हाई तर उद्या. उद्या हितल्या डेरीवाल्यांनी जेवन ठिवलंय. मी चेअरमन, मीच निगून गेलो तर बरं दिसतं का? आन तिकडं मंत्रीसायबांनी गुरवारची येळ दिलीय अंत्यविधीला, त्याच्या आत येऊन तरी काय करू?’

‘अहो, चार दिवस झाले. आबा…’

‘आबा कुटं चाललेत?’ मोहनराव म्हणाला. चिडून नाही, समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं. ‘बर्फात हायेत ना?’

मुक्ताने फोन कानापासून दूर केला. तो बोलतच होता, बारीक आवाज येत होता, सुग्रीवला म्हणावं बर्फ कमी पडू देऊ नको. फार वर्षं या माणसाच्या ताटात ती जेवली होती. जी मुलगी कोणाचं उष्टं खात नव्हती, तिने याचं उष्टं खाल्लं होतं, सगळ्या बायका खातात म्हणून, आणि तेवढं एकच उष्टं तिला कधी उष्टं वाटलं नव्हतं. तिच्या तोंडात आता त्याची चव आली. फोन बंद करून ती थंड खोलीच्या दाराशी गेली. दाराला कुलूप होतं.

‘सुग्रीव,’ ती म्हणाली. आजवर ती त्याला सुग्रीवराव म्हणत आली होती. ‘काढ कुलूप. आबांना बाहेर घ्यायचं आहे.’

सुग्रीव खुर्च्या मोजायच्या सोडून धावत आला. ‘सायेब आले का?’

‘नाही आले. येणारही नाहीत. आजच न्यायचं आहे.’

‘वैनी, सायबाला इचारल्याबिगर… माजी नोकरी हाय वो. मंडप, मंत्रीसायबांचा दौरा, सगळं ठरलंय.’

‘बस होती,’ मुक्ता म्हणाली. ‘बसमध्ये जागा होती, सुग्रीव. कंबर दुखते म्हणून आला नाही तो.’ हे ती मोठ्याने बोलली. मंडपवाले थांबले. नाना फलकापाशी विडी ओढत बसले होते, तेही उठले. बाईमाणूस चारचौघांत नवऱ्याचं असं काढतं हे त्यांनी पाहिलं नव्हतं, पण जे तोंडात धरवत नव्हतं ते बाहेर पडल्यावर बरं वाटतं, तसं मुक्ताला बरं वाटलं. नाना एकदा तिच्याकडे, एकदा कुलपाकडे बघत राहिले. मग विडी पायाखाली चुरून म्हणाले, ‘काढ रं सुग्रीव. मोहनला मी सांगतो काय सांगायचं ते. अग्नी मी देतो. भाऊच हाय मी.’

दार उघडलं तशी थंड हवा पायांवर आली. वास होता. लोण्याचा, ओल्या पोत्यांचा, आणि त्याखाली आणखी एक, गोडसर. मुक्ताचा हात सवयीने पदराकडे गेला. तिने तो खाली घेतला. हरिबा, सुग्रीव आणि दोन मंडपवाले आत गेले. आबांना उचलून आणताना कपड्यातून पाणी ठिबकत होतं. आवारात लिंबाजवळ उन्हातच बाज टाकली होती, तिच्यावर ठेवलं. तोंडावरचं कापड हरिबाने बाजूला केलं. आबांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, भुवयांवर बारीक थेंब, आणि जबडा आवळलेला, काहीतरी दातांखाली धरून ठेवल्यासारखा.

अंघोळीचं दोन तांब्यांत उरकलं. मग पाणी पाजायची वेळ आली. रक्ताच्या आणि जवळच्या माणसांनी मेलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं, त्याशिवाय त्याला न्यायचं नाही. नानांनी पळीने ओठांवर पाणी सोडलं. ते गालावरून ओघळून मानेखाली गेलं. पुन्हा सोडलं, पुन्हा ओघळलं. हरिबाने अंगठ्याने हनुवटी दाबून पाहिली. दात उघडेनात.

‘थंडीनं धरलंय,’ नाना म्हणाले. ‘ओठाला लावा अन चला. किती येळ बसायचं.’

‘कोरडा न्यायचा?’ हरिबा म्हणाला. ‘समद्या तालुक्याला पाजलं त्यानं.’

मुक्ता बाजेपाशी गुडघ्यांवर बसली. सुनेने सासऱ्याला हात लावायचा नसतो, आणि तिने तर कधी त्यांच्या हातातला पेलासुद्धा थेट घेतला नव्हता, खाली ठेवायला लावायची. तिने दोन्ही तळवे आबांच्या गालांवर ठेवले. कातडी गार आणि ओलसर होती, दाढीचे खुंट टोचत होते. किळस आली. पोटातून उसळून वर आली, डोळ्यांत पाणी आणलं तिने. मुक्ताने हात काढले नाहीत. उन्हाने तिची पाठ भाजत होती. कोणीतरी म्हणालं, वैनी राहू द्या. तिने ऐकलं नाही. तळवे गार पडले की ती ते बाजेच्या तापलेल्या कडेवर दाबायची आणि पुन्हा गालांना लावायची. मंडपवाले हातातले बांबू टेकून उभे होते, शेळ्या पाटी सोडून लिंबाच्या सावलीला आल्या होत्या, आणि नानांनी दुसरी विडी काढून तशीच बोटांत धरली होती. मग तिच्या तळव्यांखाली काहीतरी सैल झालं. जबडा किंचित खाली आला, आणि आबांचे तंबाखूने काळे पडलेले दात दिसले.

‘घाल,’ ती कडूबाईला म्हणाली.

कडूबाईने पळी वाकवली. पाणी क्षणभर ओठांच्या आत थांबलं, आणि हळूहळू खाली गेलं.

‘अजून घाल,’ मुक्ता म्हणाली.